तिसऱ्या मजल्याचा व्हॉल्व्ह

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मी सहसा काही लपवत नाही, लपवलं तरी तिला कळतं. दोन-तीनदा अगदी ओठांपर्यंत आलं. मग मी पाणी मागितलं, नाहीतर टीव्हीचा आवाज वाढवला. आज तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा ज्याला हे सर्वांत आधी सांगायला हवं होतं तो माणूस आता उरला नाही, म्हणूनही असेल. दुसरं कारण जास्त खरं आहे. आणि जास्त लाजिरवाणं.

आधी माझं काम सांगतो. कामाबद्दल मी तासन् तास बोलू शकतो — त्यातही एक प्रकारची पळवाट आहे, मला ठाऊक आहे — पण ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

ऑफिसात बसून तुम्ही कधी छताकडे पाहिलंय? दर आठ-दहा फुटांवर एक छोटं पितळी तोंड बाहेर आलेलं असतं. त्यात बोटाच्या पेराएवढी लाल काचेची कुपी. तो स्प्रिंकलर. खाली आग लागली, छत तापलं, की ती कुपी फुटते आणि वरच्या पाइपातलं पाणी धो धो खाली पडतं. माणसाला काही करावं लागत नाही. फक्त पाइपात पाणी असावं लागतं. त्यासाठी प्रत्येक मजल्याला जिन्याशेजारच्या डक्टमध्ये, म्हणजे पाइपांच्या कपाटात, एक मोठा व्हॉल्व्ह असतो — सगळ्या मजल्याचा नळच म्हणा. तो उघडा हवा. चोवीस तास, तीनशे पासष्ट दिवस. दुरुस्तीसाठी बंद केलाच, तर त्यावर लाल पाटी लावायची, रजिस्टरात लिहायचं, मालकाला कळवायचं आणि काम होईपर्यंत मजल्यावर माणूस ठेवायचा. आणि दर सहा महिन्यांनी आमच्यासारख्या परवानाधारक माणसाने येऊन सगळं तपासून सही करायची, तेव्हा कुठे मालकाला दाखला मिळतो.

सही. त्या शब्दापाशी जरा थांबतो.

मी यवतमाळकडचा. वडील ग्रामपंचायतीत शिपाई होते. आयुष्यभर कागद घेऊन दुसऱ्यांच्या सह्या गोळा करत उन्हातून फिरले. मी डिप्लोमा करून पुण्यात आलो तेव्हा नगर रस्त्याला कालपरवापर्यंत ज्वारी होती तिथे काचेच्या इमारती उठत होत्या. आयटी कंपन्यांना रोज नवी जागा हवी होती आणि प्रत्येक जागेला दाखला हवा होता. एका लहानशा एजन्सीत मी लागलो. चार-पाच वर्षांत माझ्या सहीवाचून इमारती अडायला लागल्या. दिवाळीत गावी गेलो की वडील मला एकदा तरी कोऱ्या कागदावर सही करून दाखवायला लावत. बघत राहत. हे मी दया यावी म्हणून सांगत नाहीये. त्या सहीचा मला केवढा गर्व होता, ते कळावं म्हणून सांगतोय.

तर — येरवड्याच्या पुढे केतकरबाईंची इमारत होती. पाच मजली. त्यांच्या यजमानांचा तिथे सुट्या भागांचा कारखाना होता. तो बंद पडला, यजमान गेले, आणि बाईंनी त्या जागेवर ऑफिसं बांधून भाड्याने दिली. स्वतः कसबा पेठेत राहत. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. आठवड्यातून दोनदा रिक्षाने यायच्या, तळमजल्यावरच्या खोलीत बसून फाइल तपासायच्या. मी शंभरेक मालक पाहिले असतील. दाखला भिंतीवर टांगला की त्यांचं काम संपतं. बाई तशा नव्हत्या. पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या, "अहो गावंडे, कागद मीही टाइप करून घेऊ शकते. पाणी येतं का, तेवढं सांगा."

आणि तिथे शंकर शितोळे होते. पंप चालवणारे. वाघोलीच्या पुढचं गाव, पन्नाशीचे, धोतर सोडून पँट घालायला लागल्याचा संकोच अजून अंगावर असलेले. सगळे त्यांना शितोळेमामा म्हणत. रोज सकाळी पंप सुरू करून दाब किती आला ते पाढे लिहावेत तसं रजिस्टरात लिहायचे. मला साहेब म्हणत. मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान होतो.

तिसऱ्या मजल्यावर एक सॉफ्टवेअर कंपनी होती. त्यांनी बसायची मांडणी बदलली, पार्टिशनं हलवली, त्यापायी दोन स्प्रिंकलर सरकवावे लागले. ते काम आमच्याच माणसांनी केलं. आठवड्यात एका जोडातून थेंब गळायला लागला, तोही नेमका कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर. फोन आला. मी गेलो. डक्टमध्ये अंधार, शितोळेमामांनी टॉर्च धरला, आणि मी चाक फिरवून तिसऱ्या मजल्याचा व्हॉल्व्ह बंद केला.

मी बंद केला. माझ्या हाताने.

लाल पाटी लावली नाही. रजिस्टरात लिहिलं नाही. बाईंना कळवलं नाही. दोन दिवसांचं तर काम, नवा जोड आणायचा, बसवायचा, की झालं. तिसऱ्या दिवशी जोड घेऊन गेलो तर कंपनीने आत सोडलं नाही. त्यांचं काहीतरी मोठं काम चालू होतं, दहा दिवस शिडी लावू देणार नव्हते. दहाचे वीस झाले. शितोळेमामांनी एकदा जिन्यात गाठून विचारलं, "साहेब, तिसऱ्याचा व्हॉल्व्ह अजून बंदच हाय. ध्यानात हाय न्हवं?" मी म्हटलं, "आहे हो मामा."

होतं ध्यानात. हे नीट ऐका, कारण इथे मला एक सोपी वाट होती आणि ती मी स्वतःशीसुद्धा बरीच वर्षं वापरून पाहिली — की मी विसरलो. मी विसरलो नव्हतो.

मग सहामाही तपासणीचा दिवस आला. त्या महिन्यात मला एका मोठ्या कंपनीत सुरक्षा विभागात नोकरी मिळत होती. मुलाखत झाली होती, पत्र यायचं होतं. केतकरबाईंना दाखला त्याच दिवशी हवा होता, दुसऱ्या मजल्यावर नवे भाडेकरू यायचे होते. शितोळेमामा खाली पंपापाशी थांबले, मी वर मजल्यामागून मजला करत गेलो. पहिला केला. दुसरा केला. तिसऱ्या मजल्याच्या दारात गळ्यात पट्टा घातलेला त्यांचा व्यवस्थापक आडवा आला. "सर, आज प्लीज नको. क्लायंट आलेत अमेरिकेहून, फ्लोअरवरच आहेत."

आत जायची तशी गरजच नव्हती. व्हॉल्व्ह बाहेर, जिन्यात. मी डक्टच्या दारापाशी उभा राहिलो. उघडावा, तर तो जोड त्या क्लायंटच्या डोक्यावर गळणार. बंद ठेवावा, तर दाखला देता येत नाही. दाखला अडवावा, तर बाई विचारणार — बंद केला कुणी? कधी? मला का नाही सांगितलं? आणि हे सगळं नव्या नोकरीच्या तोंडावर. किती वेळ उभा होतो? मिनिटभर असेन. मग चौथ्या मजल्यावर गेलो.

खाली येऊन फॉर्म भरला. तिसरा मजला — व्हॉल्व्ह उघडा, दाब योग्य. बाईंनी चष्म्यातून एकेक ओळ वाचली. "सगळे मजले पाहिलेत?"

"सगळे."

"स्वतः?"

"स्वतः."

मी सही केली. बाईंनी कागदाला भोकं पाडली, फाइलला लावला आणि मला चहा सांगितला.

त्यानंतर दुसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी तिसऱ्या मजल्यावरून पुन्हा तक्रार आली, छतातून पाणी गळतंय म्हणून. ते एसीचं पाणी होतं. दुसरं असूच शकत नव्हतं, पाइपात पाणी येतच नव्हतं. शितोळेमामा वर गेले, डक्टमध्ये हात घालून चाक चाचपलं, घट्ट लागलं, तसंच ठेवून खाली आले. ही एवढीशी गोष्ट. पुढे हीच मला सापडली.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळचे अकरा वाजले असतील. तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात साफसफाई करणाऱ्या सुनंदाबाई एकट्या होत्या. येरवड्यातच राहणाऱ्या, दोन मुलींची आई. मागच्या खोलीत कागदांचे आणि जुन्या खोक्यांचे ढीग, वर ट्यूबलाइट. तिचा चोक जळला, ठिणगी खोक्यांवर पडली. सुनंदाबाईंना धूर दिसला. त्या पळाल्या नाहीत. का, माहीत आहे? त्यांच्यासारख्या सगळ्यांना मीच प्रशिक्षण दिलं होतं. त्याच मजल्यावर उभं राहून, वर बोट दाखवून सांगितलं होतं — घाबरायचं नाही, वरून आपोआप पाणी पडतं.

त्या पाण्याची वाट बघत राहिल्या. लाल कुपी फुटली, ती नंतर सापडली. पाइपात उरलेलं तांब्याभर पाणी पडलं असेल. मग काही नाही. आग बाजूच्या वायरींकडे जाईल म्हणून त्यांनी पेटलेली खोकी हातांनी ओढायला सुरुवात केली. ओरडा ऐकून शितोळेमामा तीन जिने चढून आले, भिंतीवरचे आग विझवायचे दोन सिलिंडर मारून ती विझवली आणि सुनंदाबाईंना पाठुंगळी घेऊन खाली आणलं.

त्या वाचल्या. हात मात्र कोपरापर्यंत भाजले होते. पुढे उजव्या हाताची बोटं आखडली, ती आखडलीच.

मंगळवारी बाईंच्या खोलीत सगळे बसलो. अग्निशमन दलाचे अधिकारी, कंपनीचा तो व्यवस्थापक, बाई, मी, आणि दाराशी उभे शितोळेमामा. अधिकाऱ्यांनी सरळ विचारलं, तिसऱ्या मजल्याचा व्हॉल्व्ह बंद सापडला, तो कुणी बंद केला?

शितोळेमामा म्हणाले, "गावंडेसायबांनी केलता. गळत व्हतं म्हनून. टॉर्च म्याच धरला व्हता."

सगळे माझ्याकडे वळले. आणि बघा — अजूनही वेळ गेलेली नव्हती. आग लागून गेली होती, हात भाजून गेले होते, पण अजून मी एकच गुन्हा केला होता. 'हो, आणि तो उघडलाच नाही', एवढे शब्द. तेवढेच.

मी म्हटलं, "हो, गळतीसाठी बंद केला होता. पण तपासणीच्या दिवशी मी तो उघडला. फॉर्ममध्ये नोंद आहे."

बाईंनी फाइल उघडून ते पान अधिकाऱ्यांसमोर ठेवलं. माझी सही होती.

अधिकारी शितोळेमामांना म्हणाले, "त्यानंतर तुम्ही कधी व्हॉल्व्हला हात लावला होता?"

ते विचार करायला लागले. दुसरा कुणी असता तर नाही म्हणून मोकळा झाला असता. "शनवारी लावला व्हता. पानी गळतंय म्हनले, म्हनून बंद हाय का बघाया."

मला त्यांचा अर्थ कळला होता. त्या खोलीत तो फक्त मला कळला होता. ते बंदच असलेला व्हॉल्व्ह चाचपायला गेले होते. आणि मी — अगदी हळू आवाजात, जणू मला वाईट वाटतंय अशा आवाजात — म्हटलं, "म्हणजे मामा, हात लावला होता."

"लावला व्हता. पर म्या फिरवला न्हाई. घट्ट व्हता."

"पूर्ण उघडा असला तरीही घट्टच लागतो. बंद बाजूला फिरला असेल तुमच्याकडून. गळत होतं म्हणून."

ते माझ्याकडे पाहत राहिले. रागाने नाही. तो राग असता तर मला आज बरं वाटलं असतं. मी सांगतोय ते आठवून बघायचा प्रयत्न करत होते. विद्यार्थी फळ्याकडे पाहतो तसं. "तुमी उघडला व्हता म्हनता?"

"उघडला होता."

"मग..." ते थांबले. "मग माज्याच हातनं झालं आसंल."

गळतीची तक्रार, उघडा व्हॉल्व्ह, घाबरून बंद करणारा पंपवाला — सगळं कसं चपखल बसलं. मी आधी ठरवून आलो नव्हतो. तिथल्या तिथे सुचत गेलं. माणसाला इतकं सहज सुचतं, याची तोपर्यंत मला कल्पना नव्हती.

व्यवस्थापकाने सुटकेचा श्वास सोडला. बाईंनी फाइल मिटली. मग म्हणाल्या, "शितोळे, किल्ल्या टेबलावर ठेवा." त्यांनी ठेवल्या. एकेक करून, कुठली कशाची ते सांगत.

बाईंना मी दोष देत नाही. त्यांनी सही वाचली. सहीवर विश्वास ठेवायचाच असतो.

तुम्हाला वाटेल, हीच कबुली. मलाही वर्षानुवर्षं वाटायचं की सगळ्यांत वाईट ते हेच. नाही. अजून आहे.

मी नव्या नोकरीत रुजू झालो. कात्रजला दोन खोल्यांची जागा घेतली, वैशालीशी लग्न केलं. एका रविवारी सकाळी दार वाजलं. बाहेर शितोळेमामा. हातात कापडी पिशवी. घर विचारत विचारत, दोन बसगाड्या बदलून आले होते. आत या म्हटलं तर चपला बाहेर काढून खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. वैशाली पाणी घेऊन आली, तिच्यासमोर ते बोलेनात. ती आत गेल्यावर म्हणाले,

"साहेब, लई दिस यायचं मनात व्हतं. धाडस हुत न्हवतं."

मला वाटलं, यांना सगळं कळलंय. वाटलं, आता विचारतील. आणि खरं सांगतो, क्षणभर मला आतून मोकळं वाटलं — बरं झालं, आता हे विचारतील आणि मला सांगावंच लागेल.

ते म्हणाले, "माज्या हातनं चूक झाली. त्या बाईचं तर वाटोळं झालंच. पर तुमच्या सहीलाबी बट्टा लागला. तुमी उघडून गेलेला, म्या जाऊन बंद केला. आधी मला पटत न्हवतं. रोज आठवतो. आता तर मला सोताला चाक फिरवताना दिसतंय बघा. बंद बाजूला. माफी मागाया आलोय."

ऐकलंत? त्यांना *दिसत होतं*. जे घडलंच नाही ते. मी बोललेलं एक वाक्य त्या माणसाच्या डोक्यात शिरून आठवण होऊन बसलं होतं.

आणि मी काय केलं? मी उठलो. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "जाऊ द्या मामा. माणसाकडून होतं. माझ्या मनात काही नाही."

मी त्यांना माफ केलं.

ते रडले. पंच्याने डोळे पुसले. पिशवीत त्यांच्या शेतातल्या वालाच्या शेंगा होत्या, त्या ठेवून घेतल्या मी. जाताना सांगत होते, दर गुरुवारी सुनंदाबाईंना ड्रेसिंगला घेऊन जातो, रांगेत नंबर लावतो, त्यांच्या मालकाला कामावरून सुट्टी मिळत नाही ना. सुरुवातीला त्या नवऱ्याने यांना दारातून हाकललं होतं, शिव्या दिल्या होत्या. हे पुन्हा गेले. पुन्हा गेले. मग तो काही बोलेनासा झाला. "आपल्या हातनं झालंय, तर आपुन करायला पायजे," म्हणाले.

वैशालीने संध्याकाळी त्या शेंगांची भाजी केली. छान झाली होती. मी दोनदा घेतली. कोण होते हे, तिने विचारलं. म्हटलं, जुन्या साइटवरचे. भला माणूस आहे. तेवढं एक खरं बोललो.

मी तेव्हा पस्तिशीलाही आलो नव्हतो. पुढे पुष्कळ आयुष्य होतं, त्यातला कुठलाही दिवस चालला असता. वाघोलीच्या बसमध्ये बसायला किती वेळ लागतो? मी वर चढत गेलो. नोकरीत, हुद्द्यात. इमारतमालकांसाठी प्रशिक्षण घ्यायला लागलो — तपासणी कशी करून घ्यावी, दाखल्यावर डोळे मिटून विश्वास का ठेवू नये. लोक आवर्जून बोलावत. सर जीव तोडून शिकवतात, असं म्हणत. आणि त्या व्याख्यानात एक गोष्ट असायची. नगर रस्त्यावरची एक इमारत. सगळं तपासलेलं, सगळं ठीक. मग एका पंपवाल्याने कुणाला न सांगता व्हॉल्व्ह बंद केला, आणि एका बाईचे हात गेले. नाव घेत नसे मी. नाव घेत नाही याचंसुद्धा मला स्वतःचं कौतुक वाटायचं. ही गोष्ट मी किती ठिकाणी सांगितली असेल? मोजलं नाही. सांगता सांगता ती घोटून गुळगुळीत झाली. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं बसलं.

एकदा बाणेरच्या एका सभागृहात मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "सर, पण त्यानेच बंद केला हे कशावरून? त्याने कबूल केलं होतं का?"

मी म्हटलं, "हो. स्वतः माझ्या घरी येऊन."

कुणीतरी चुकचुकलं. मी पुढच्या स्लाइडवर गेलो.

ती गोष्ट त्यानंतर मी सांगणं बंद केलं. पश्चात्ताप झाला म्हणून नव्हे — पुन्हा कुणी विचारेल या भीतीने.

केतकरबाई गेल्या, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या भेटीत म्हणाल्या होत्या, "शितोळ्यांना काढलं, ते बरोबर केलं का हो मी? माणूस खोटं बोलणारा नव्हता." मी म्हटलं, "खोटं बोललेच नाहीत ते. कबूल केलं की." बाईंनी मान हलवली. त्यांनी आयुष्यभर हिशोब तपासले, आणि हे एक चुकीचं उत्तर घेऊन गेल्या. माझ्याकडून घेऊन.

आणि या वर्षी कळलं, शितोळेमामा गेले. जुन्या एजन्सीतल्या एकाचा फोन आला. मी गेलो. दिवस होऊन गेले होते, घरात त्यांच्या पत्नी आणि सून. फोटोला हार. मी सांगायचं ठरवून गेलो होतो. वाघोलीपर्यंत गाडीत वाक्यं जुळवत होतो.

काकू मला बघून उठल्या. मी कोण ते सांगितल्यावर माझा हातच धरला त्यांनी. म्हणाल्या, "तुमी व्हय गावंडेसाहेब? लई नाव काढायचे तुमचं. शेवटपतुर त्यांच्या जिवाला ते लागून राहिलं व्हतं. मला म्हनायचे, सगळ्यांनी बोल लावला, पर त्या सायबानं एका शब्दानं दुखावलं न्हाई. माफ केलं मला. त्येवढ्यावर जगले बघा."

मी बसलो. सुनेने चहा आणला. काकू बोलत होत्या. पुन्हा त्यांना कुणी पंपाचं काम दिलं नाही, मग गावातच कुणाच्या गोठ्यावर राखण करायचे. नळ बंद केला की परत जाऊन बघायचे. पुन्हा बघायचे. घरचे हसायचे, मग हसायचे थांबले.

मी ऐकत होतो. जुळवून आणलेली वाक्यं तोंडात होती. त्या बाईकडून ती 'माफी' मी कशी हिसकावून घेऊ, असं मनाशी म्हटलं — बघा, तिथेसुद्धा मला किती चांगलं कारण सुचलं. तिच्यासाठी गप्प बसतोय, असं. तिच्यासाठी नव्हतं ते. मला भीती वाटली. सून उभी होती, बाहेर ओट्यावर भावकीतली दोन माणसं होती, आणि मला त्यांच्यासमोर तोंड दाखवून त्या घरातून बाहेर पडायचं होतं. चहा संपवला, फोटोला हात जोडले, आणि निघालो. काकू रस्त्यापर्यंत पोचवायला आल्या.

शंकर शितोळे यांनी काही केलं नव्हतं. व्हॉल्व्ह मी बंद केला, बंद आहे हे माहीत असून उघडा लिहिला, आणि मग तो त्यांनी बंद केला असं त्यांनाच पटवलं.

सुनंदाबाई अजून येरवड्यातच राहतात. थोरल्या मुलीकडे. गल्ली मला माहीत आहे. आठवड्यातून दोनदा तरी मी त्या रस्त्याने जातो.